हॉल खायला उठतो तेव्हा

सांगलीजवळच्या एका बंगल्यात मला बोलावलं होतं. निवृत्त जोडपं, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. काकांनी आधी हॉल दाखवला. तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि छत थेट दुसऱ्या मजल्याच्या वर, अठरा फुटांवर. खाली इटालियन मार्बल, वर सोनेरी झुंबर. "वास्तुशांतीला याच हॉलमध्ये पंगती उठल्या," काका म्हणाले. मग आम्ही चहाला बसलो ते स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्यांच्या टेबलाशी. टीव्ही बेडरूममध्ये हलवलेला, पेपर जेवणाच्या टेबलावर, काकूंचं विणकाम देवघराबाहेरच्या खुर्चीवर. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माणूस बसल्याची एकही खूण नव्हती. काकू हळूच म्हणाल्या, "अगं, दिवसा काही वाटत नाही. दिवेलागण झाली की तो हॉल नुसता खायला उठतो."

मराठीत या दुखण्याला याहून नेमका शब्द नाही. आणि त्यावर आपण जे औषध मागतो त्यालाही आपण 'ऊब' म्हणतो, हेही गमतीचंच. एप्रिलात पारा चाळिशीला टेकला असताना गिऱ्हाईक मला सांगतं, 'हॉल जरा उबदार करून द्या.' त्याला उष्णता नको असते. त्याला हवं असतं ते त्या खोलीत बसावंसं वाटणं.

बावीस वर्षं मी घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते. दुमजली उंचीचे हॉल पूर्वी सिनेमात दिसायचे, आता तालुक्याच्या गावीही बांधले जातात. त्यांच्याबरोबर काही ठाम समजुतीही घरोघरी पोचल्या आहेत. त्यातल्या काही माझ्याही होत्या. माझं आजचं मत असं, की खोलीची ऊब जमिनीपासून सात फुटांच्या आत ठरते. त्याच्या वरच्या अकरा फुटांचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. पण पैसे मात्र तिकडेच खर्च होतात.

गैरसमज : छत खाली आणलं की खोली उबदार होते

ही पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात अशाच एका हॉलला मी दहा फुटांवर जिप्समचं फॉल्स सीलिंग करून दिलं. कोव्ह लाइट, गोल कडा, सगळं काही. काम संपल्यावर घरातल्या आजी मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, आवाज तर अजून तसाच घुमतोय." मला उत्तर सुचलं नाही. ते सापडायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि सापडलं ते सजावटीच्या पुस्तकात नाही.

१८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचं फॉग कलासंग्रहालय उभं राहिलं. त्यातल्या व्याख्यानाच्या दालनात बोललेलं काहीच कळेना. एक शब्द उच्चारला की त्याचा घुमारा साडेपाच सेकंद रेंगाळायचा, आणि तेवढ्यात वक्त्याचे पुढचे डझनभर शब्द त्यात मिसळून जायचे. हे प्रकरण वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, दालनात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. या गाद्यांच्या वाहतुकीतून एक सूत्र निघालं आणि ते आजही वापरात आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू मिळून जेवढा आवाज गिळतात त्या आकड्याने भागा. उत्तर सेकंदांत येतं.

काकांच्या हॉलचा हिशोब मी त्यांच्यासमोरच कागदावर केला. घनफळ साधारण तीनशे पाच घनमीटर. मार्बल, काच, गुळगुळीत रंगवलेल्या भिंती असं सगळं टणक, म्हणजे आलेल्या आवाजाचा शेकडा तीनच भाग गिळणारं. उत्तर आलं जवळजवळ सहा सेकंद. बंगला नवा असताना, सामान यायच्या आधी, काकांना हाच अनुभव आला होता. आता समजा दहा फुटांवर फॉल्स सीलिंग घातलं. घनफळ जवळजवळ निम्म्यावर येतं, पण उत्तर येतं साडेचार सेकंद. जिप्समसुद्धा बोलण्याचा आवाज परतवतंच. सहाचे साडेचार झाले, तरी घुमायचं ते घुमणारच. आजींचे कान माझ्यापेक्षा बरोबर होते.

आता छताला हात न लावता जमिनीवर नऊ बाय बाराचा जाड गालिचा टाका. एका उंच खिडकीला दुप्पट चुण्यांचे जाड पडदे लावा. दोन गादीचे सोफे, एक भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर एखादं जाड लोकरी कापड. कागदावर तेच उत्तर दीड-पावणेदोन सेकंदांवर येतं. राहत्या खोलीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास छान वाटतं, तेव्हा अजून थोडी मजल बाकी आहे. पण फरक कुठून पडतो ते यातून दिसावं. खोली कोरी वाटते ती आधी कानांना, आणि आपण मात्र दोष डोळ्यांवर आणि छतावर टाकत बसतो.

गालिचाच हवा असं नाही. जाड सतरंजीवर गाद्या आणि लोड-तक्के मांडले की सॅबिनचा प्रयोग घरच्या घरी झाला. भिंतीसाठी मी घोंगडी वापरते. धनगरी घोंगडी जाड, खरखरीत आणि रंगाने शांत असते. मागे दोन इंच पोकळी सोडून लाकडी पट्ट्यांवर ताणली की आवाज चांगला गिळते. गोधडीही चालते. काकूंच्या आईच्या हातची एक गोधडी ट्रंकेत होती. ती आता हॉलमध्ये जिन्याच्या भिंतीवर आहे. पाहुणे तिला 'टेक्स्टाइल आर्ट' म्हणतात आणि काकू हसतात.

उंच छताच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे. २००७ मध्ये जोन मेयर्स-लेव्ही आणि झू या दोन अभ्यासकांनी माणसांना आठ फुटी आणि दहा फुटी छताखाली बसवून कोडी आणि कामं दिली. उंच छताखाली माणसं मोकळेपणाने, गोष्टी एकमेकांशी जोडत विचार करत होती, बुटक्या छताखाली बारकाव्यांत शिरत होती. उंचीतून मोकळेपणा मिळतो. लाखो रुपये देऊन विकत घेतलेला तो मोकळेपणा पुन्हा लाख रुपये देऊन प्लास्टरने झाकायचा, हे मला तरी पटत नाही.

गैरसमज : मोठी खोली मोठ्या सामानाने भरते

काकांच्या हॉलमध्ये सामान भरपूर होतं, पण सगळं भिंतीला टेकलेलं. या भिंतीला सात माणसांचा सोफा, समोरच्या भिंतीला तसाच दुसरा, मध्ये विमानतळाची धावपट्टी. मी टेप लावली. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या डोक्यांत पंधरा फूट अंतर भरलं.

माणसं किती अंतरावर बसली की कसं बोलतात याचा अभ्यास एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने केला (आडनाव हॉल, हा योगायोग मी दर गिऱ्हाइकाला सांगते). १९६६ च्या त्याच्या पुस्तकात मोजमापं आहेत. दीड ते चार फूट हे आपल्या माणसांचं अंतर. चार ते बारा फूट हे ओळखीपाळखीचं, कामकाजाचं. बाराच्या पुढे गेलं की ते व्याख्यानाचं अंतर. ही मोजमापं त्याने अमेरिकन माणसांवरून घेतली आणि समाजागणिक ती बदलतात असं त्यानेच लिहून ठेवलंय. आपण तर त्यांच्याहून जवळच बसतो. म्हणजे चाळीस वर्षं संसार केलेले काका-काकू संध्याकाळी एकमेकांशी सभेच्या अंतरावरून बोलत होते. बेडरूममध्ये टीव्ही जाईल नाही तर काय!

सामान भिंतीला लावायची आपली सवय वेडेपणाची नाही. तिच्यामागे व्यवहार होता. मधली जमीन मोकळी लागायची, कारण तिथेच पंगत बसायची, तिथेच हळदीकुंकू, दुपारी तिथेच धान्य निवडायचं आणि रात्री तिथेच गाद्या पडायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत ती रीत आजही बरोबर आहे. तीस बाय वीसच्या हॉलमध्ये, जिथे पंगत वर्षातून एकदा उठते, तिथे ती निव्वळ सवय उरते.

सोफे भिंतीपासून सुटे करा. समोरासमोर, सात-आठ फुटांच्या आत, दोघांचे पुढचे पाय एकाच गालिचावर. मागे चालायला जागा राहते, ती राहू द्या. एका मोठ्या हॉलमध्ये अशी दोन-तीन 'बेटं' सहज बसतात. एक गप्पांचं, एक दोन खुर्च्यांचं वाचनाचं, एक खाली बसायचं. सात माणसांचा सोफा मात्र विकून टाका. सात माणसं एका ओळीत फक्त फोटोसाठी बसतात.

गैरसमज : वाड्यात उंच छतं असूनही घरपण होतं, म्हणून आपणही 'वाडा लुक' करावा

या गैरसमजावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा प्रेमातून आलेला आहे.

ज्यांनी वाड्यात बालपण काढलंय त्यांना आधी विचारा, की दारात किती वेळा डोकं आपटलं? वाड्याची बहुतेक राहती दालनं उंच नव्हतीच. माजघर तर मुद्दाम बुटकं आणि अंधारं. वर कडीपाटाचं लाकडी छत, हात उंचावला तर तुळईला लागेल की काय असं वाटणारं. उंची होती ती चौकात, आणि चौकाला छतच नव्हतं, वर आकाश. म्हणजे मोकळेपणा एका जागी आणि ऊब दुसऱ्या जागी, मध्ये फक्त ओसरी. पाऊस चौकात पडायचा आणि माणसं ओसरीवर कोरडी बसून तो बघायची. आजच्या दुमजली हॉलमध्ये नेमकी ही ओसरीच हरवली आहे. आपण चौकावर छत घातलं, त्याच्या मध्यभागी सोफा मांडला आणि आता विचारतो आहोत की इथे बसवत का नाही.

मोठे दिवाणखाने होते, नाही असं नाही. पण तिथली युक्ती बघा. पुण्यातला दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ चा. तिथले सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब बघायला एकदा तरी जा. दोन खांबांमधल्या जागेला आपल्याकडे 'खण' म्हणतात आणि वाड्याची लांबी-रुंदी फुटांत नाही, खणांत सांगायचे. खांब लागायचे ते अर्थात तुळया पेलायला, कारण एका लांबीपलीकडे लाकूड वाकतं. पण त्याचा फायदा असा झाला की कितीही मोठं दालन माणसाच्या मापाच्या तुकड्यांत आपोआप वाटलं गेलं. एका खणात एक बैठक. शेजारच्या खणात दुसरं काही चाललेलं. भिंत नाही आणि तरी आडोसा आहे.

हे खणांचं तत्त्व घ्या, खांब नका घेऊ. प्लायवूडवर सनमायका चिकटवून केलेले खोटे सुरूचे खांब आणि छताला डकवलेल्या पोकळ 'तुळया' मी पुष्कळ पाहिल्या. काहीही न पेलणारा खांब ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. खण करायला एक गालिचा पुरतो, चार फुटी पुस्तकांचं कपाट पुरतं, छतावरून नाही तर भिंतीतल्या दांडीवरून सोडलेला चिकाचा पडदा पुरतो. वाड्यातली दुसरी घेण्यासारखी गोष्ट कोनाडा. भिंतीत बसलेला, हाताच्या उंचीचा, दिव्याच्या काजळीने काळवंडलेला. नव्या भिंतीत आता तो कोरता येत नाही, कारण भिंती पातळ. मग मी सहा इंच खोल फळ्यांचं फडताळ करते, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत.

आणि ओसरी? तीही बहुतेक बंगल्यांत असते, फक्त आपल्याला दिसत नाही. दुमजली हॉलच्या एका बाजूला वरच्या मजल्याची गॅलरी पुढे आलेली असते. तिच्याखाली छत साडेनऊ फुटांवर. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुकाराने १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात हेच सांगितलंय, की घरात सगळीकडे एक उंची नको, उंच जागेला लागून बुटकी जागा हवी. काकांच्या हॉलमध्ये ती जागा तयार होती. तिथे चपलांचं कपाट आणि इन्व्हर्टर ठेवला होता.

ते दोन्ही बाहेर गेले आणि तिथे काकूंची बैठक आली. दीड फुटी चौथरा, गादी, दोन लोड, पाठीशी भिंत, समोर अख्खा हॉल. दुमजली घरात माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा हीच.

गैरसमज : झोपाळा टांगला की घरपण आलंच

काकांचा हट्ट होता. छताला आकडा होताच, त्यावरून सोळा फुटी साखळ्या सोडायच्या. मी नको म्हटलं. शाळेतला लंबक आठवा. दोरी जितकी लांब, तितका झोका संथ. कडीपाटाच्या तुळईवरचा सात फुटी साखळीचा झोपाळा एक हेलकावा तीनेक सेकंदांत घेतो. सोळा फुटी साखळीचा साडेचार सेकंद लावेल, तेवढ्याच कोनात दुपटीहून जास्त जागा व्यापेल आणि वर आडवाही भिरभिरेल. हा झोपाळा आजोबांचा राहत नाही, जत्रेतला होतो. शेवटी गॅलरीच्या तुळईखाली, बैठकीच्या शेजारी, सात फुटी साखळ्यांवर टांगला. आकड्याची ताकद इंजिनिअरकडून तपासून घेतली. ती घ्याच.

गैरसमज : छताला गडद रंग दिला की ते खाली आल्यासारखं वाटतं

अर्धं खरं आहे. जर्मनीतल्या ओबरफेल्ड, हेश्ट आणि गेमर या अभ्यासकांनी २०१० मध्ये हे तपासलं. संगणकावर उभ्या केलेल्या खोल्या माणसांना दाखवल्या आणि उंचीचा अंदाज विचारला. छत फिकं असलं की खोली उंच वाटते, हे खरं निघालं. पण भिंती फिक्या असल्या तरीही खोली उंच वाटते, हेही निघालं. दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळवला जातो. आणि जी गोष्ट आम्ही सगळे सजावटवाले छातीठोकपणे सांगत आलो, की छत आणि भिंत यांच्यातला फरक महत्त्वाचा, तिला त्यांच्या प्रयोगात काही आधार मिळाला नाही. त्या खोल्या साध्या घराच्या उंचीच्या होत्या, अठरा फुटी नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यातून एक सोयीची गोष्ट कळते. खोली जवळ आणायची असेल तर छतापर्यंत परांची बांधायची गरज नाही, भिंती गडद केल्या तरी काम होतं. गेरू, मातकट, जुन्या चिंचेचा तपकिरी असे रंग घ्या. सगळ्या भिंती नकोत, ज्या भिंतीला पाठ लावून बसता ती एक पुरे.

मात्र गडद भिंत उजेड पिते. त्यामुळे पुढचा विषय निघतोच.

गैरसमज : मोठ्या हॉलला मोठं झुंबर हवं

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात, १८७४ च्या त्या दरबार हॉलमध्ये, दोन झुंबरं आहेत. प्रत्येकाचं वजन साडेतीन टन सांगतात. टांगण्याआधी छत पेलेल का ते बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट तिथला प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. पण ती झुंबरं दरबारासाठी होती. दरबारात माणसांनी वर बघून दबून जावं अशीच अपेक्षा असते. आपल्याकडे संध्याकाळी शेजारच्या वहिनी येतात.

शिवाय उजेडाचं गणित निर्दयी आहे. दिव्यापासूनचं अंतर तिप्पट केलं की उजेड नवव्या हिश्शाला येतो. पुस्तकापासून चार फुटांवरचा दिवा बारा फुटांवर नेला तर तेवढ्याच उजेडासाठी नऊ दिवे लागतील. काकांनी तेच केलं होतं. झुंबरात चोवीस दिवे, तेही पांढरेफटक. त्यामुळे वरचं छत लख्ख, जळमटं स्पष्ट, आणि खाली बसलेल्या माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या. पांढऱ्या उजेडाचं आपल्याकडे जुनं प्रेम आहे. ट्यूबलाइट आली तेव्हा पांढरा उजेड म्हणजे टापटीप आणि पिवळा म्हणजे गरिबी, असं काहीसं आपल्या मनात बसलं. दिव्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो पांढरा, २७०० के लिहिलेलं असतं तो जुन्या बल्बसारखा पिवळसर. स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा चालेल. बसायच्या जागी मात्र २७०० चेच घ्या.

आणि दिवे खाली आणा. आपल्या जुन्या घरांत उजेड कुठे असायचा ते आठवा. समई जमिनीवर, दिवली कोनाड्यात, कंदील खुंटीला. दिवाणखान्यातल्या हंड्यासुद्धा साखळीने खाली ओढलेल्या. प्रकाशाचं तळं माणसांच्या भोवती असायचं आणि वरचा अंधार कुणाला टोचत नसे. एका झुंबराऐवजी पाच-सहा छोटे दिवे, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास, टोप्या घातलेले. झुंबर असेलच तर त्याचं तळ बैठकीवर सात-साडेसात फुटांपर्यंत उतरवा. काकांचं झुंबर मी आठ फूट खाली घेतलं. ते म्हणाले, "आता दसऱ्याला पुसता तरी येईल."

गैरसमज : तसबिरी उंच भिंतीवर उंच लावाव्यात

जुन्या घरात आजोबा-पणजोबांच्या तसबिरी दारावर, छताजवळ असायच्या, हे खरं. पण त्या पुढे झुकवून, दोरीवर कलत्या टांगलेल्या असायच्या, कारण बघणारे खाली सतरंजीवर बसलेले. त्या काळी चित्र लावतानाही बघणारा कुठे बसलाय ते आधी पाहत. आपण तसबिरींची उंची उचलली आणि कल सोडून दिला. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर ठेवा, सोफ्याच्या मागे असेल तर अजून खाली. वरची भिंत रिकामी राहील. राहू द्या.

गैरसमज : उंच छताची खोली गारच असते, पंखा कुठेही चालतो

गरम हवा वर जाते, पण तिला बाहेर जायला वाट हवी. जुन्या बंगल्यांत छताजवळ झडपांची छोटी खिडकी असायची, दोरीने उघडायची. आताच्या हॉलमध्ये तिथे न उघडणारी काच असते. मग ती हवा वर जाऊन बसते आणि संध्याकाळी तापलेला स्लॅब तिला साथ देतो. वरची एक तरी काच उघडती करून घ्या. पंख्याची पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर हवीत. अठरा फुटी छताला त्यासाठी नऊ फुटी दांडी लागते आणि ती डुलते. अशा हॉलला मी भिंतीवरचे पंखे सुचवते. दिसायला साधे, पण वारा माणसाला लागतो.

गैरसमज : हे सगळं खर्चिक काम आहे

फॉल्स सीलिंगसाठी काकांनी आणलेल्या अंदाजपत्रकाच्या निम्म्यातच आमचं काम आटोपलं. सगळ्यात जास्त पैसे पडद्यांना गेले. अठरा फुटी पडदे करू नका. धुणार कोण? नऊ फुटांवर दांडी घेऊन खालच्या खिडकीला जाड, अस्तर लावलेले पडदे करा आणि वरची काच उघडी ठेवा. उजेड येईल, चांदणंही येईल. आम्ही तसेच केले, फक्त एकाऐवजी दोन खिडक्यांना. सगळं साधलं असं मात्र नाही. काका अजून बातम्या बेडरूममध्येच बघतात. पण काकूंचं विणकाम आता गॅलरीखालच्या बैठकीवर असतं. मागच्या दसऱ्याला त्यांचा फोन आला, "अगं, पडदे धुवायला काढलेत तर दोन दिवस हॉल परत घुमतोय."

तुमच्याही घरी असा हॉल असेल तर सजावटवाल्याला फोन करण्याआधी एवढं करा. दिवेलागणीला मध्यभागी उभं राहून एकदा मोठ्याने टाळी वाजवा आणि कान देऊन ऐका. टाळी घुमत राहिली, तर घरात असतील नसतील त्या गाद्या, सतरंज्या, गोधड्या माळ्यावरून काढून हॉलमध्ये मांडा, सोफे भिंतीपासून ओढा, वरचे दिवे बंद करून एक टेबललॅम्प लावा आणि तिथेच बसून चहा घ्या. त्यानंतरही हॉल खायला उठला, तर मग खुशाल बोलवा आम्हाला.